गोड्या तळ्यात उधाण

मे महिन्यातली सकाळ. शेजारीण चहाचं पातेलं घेऊनच माझ्या दारात आली. "गो, हे बघ, परत फाटला. दूध तर ताजं हाय."

मी तिच्या हंड्यातलं पाणी जिभेला लावलं नि थुंकले. खारट! उन्हाळाभर ज्या तळ्याचं पाणी आख्खा गाव पितो, ते तळं खारट!

आमचा गाव पेणच्या खाडीकाठचा. पलीकडे खाडी, मधे मातीचा बांध, अलीकडे शेतं आणि तळं. बांधाला उघाडी असते, म्हणजे लाकडी फळीचं दार. ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडायचं, भरती यायच्या आत बंद करायचं. पूर्वी बांधाला खेकड्यानं भोक पाडलं तरी हाळी व्हायची नि घरटी एक माणूस टोपली घेऊन धावायचा. त्याला आम्ही जोळ म्हणायचो. घरात लग्न असलं तरी जोळीला माणूस जायचाच. मग बांध सरकारचा झाला, पोरं धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला लागली, नि जोळ बंद पडली. आता बांध फुटला की साहेबाची वाट बघायची.

मी तरातरा बांधावर गेले. उघाडीची फळी वर ओढून दोरीनं बांधलेली, आणि शेजारी माझा धाकटा दीर जाळं झटकत बसलेला. मी लग्न होऊन आले तेव्हा हा शेंबूड पुसायला माझा पदर धरायचा.

"फळी कुणी उचलली रे?"

"मी. उधाणाबरोबर जिताड्याची पिल्लं आत येतात, वयनी. शेतात नुसतं मीठ फुललंय, भात होत नाय. मग मासे तरी पाळतो."

"आणि तळं?"

"तळं लांब हाय. उधाण तिथवर कधी गेलंय का?"

डोकंच फिरलं माझं. बापाच्या वेळचं उधाण जात नव्हतं! आताचं बांधाच्या माथ्याला टेकतं, हा रोज डोळ्यांनी बघतो, आणि अंदाज मात्र बापाच्या वेळचा.

"पोरांना तहान लागली की जिताडा चोखायला देऊ का?"

"माझ्यावर काय ओरडतेस? कंपन्या नदीत काय काय सोडतात, त्यांना बोल जा."

"त्यांना पण बोलते! रोह्याला माझं माहेर आहे, तिथल्या वासानं भर उन्हाळ्यात खिडक्या लावून बसलेय मी. पण त्यांच्या बायका माझ्या तळ्यावर येत नाहीत. तुझी येते!"

दोरी मीच कापली. फळी खाली पडली तेव्हा जरा जिवात जीव आला, पण झालेलं काय भरून निघणार होतं? खाडी आत शिरली की तळं पार उपसावं लागतं, तेही पावसाच्या आधी. नाहीतर वरून पडणारं गोडं पाणीही नासतं. उपसायला पंप हवा, आणि गावात चालू पंप एकच, माझ्या या मासेवाल्या दिराचा. तो म्हणाला, "नाय देणार, तळ्यात शिरलेली माझी पिल्लं मरतील."

मग मी गल्लीत उभी राहून हाळी दिली. जोळीची हाळी, कितीतरी वर्षांनी. पोरं कामावर होती, पण बाया निघाल्या. मोहल्ल्यातल्याही आल्या, त्यांची माणसं गल्फात, तळं तेच. सगळ्यांच्या पुढे दिराची बायको, हातगाडीवर पंप घेऊन. नवरा मागून ओरडत होता. ती म्हणाली, "आरड. घसा सुकला की पाणी माग माझ्याकडे."

आम्ही उघाडीपाशी चिखल थापला, तळं उपसलं. आता तळाला भेगा आहेत. ढग येतात नि कोरडेच जातात. अंगाची लाही होते, माझा राग काही उतरत नाही.

काल दीर आला. "वयनी, पाऊस बरा झाला तर तळं गोडं होईल, व्हय ना?"

टँकर आला होता. माझे दोन्ही हंडे त्याच्या हातात दिले नि बायांच्या रांगेत शेवटी उभा केला.