सोले सोलता सोलता

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला व्यवस्थापन हा विषय होता आणि तो विभागप्रमुख सर स्वतः शिकवायचे. कॉलेजच्या तपासणीला समिती येणार होती. हा विषय सुधारण्यात विद्यार्थ्यांचाही हात आहे, असं समितीला दाखवायचं होतं. म्हणून सरांनी मला बोलावलं. "विषय कसा शिकवला जातो, काय बदलायला हवं, तू वर्गातल्या मुलींना विचारून अहवाल लिही. अगदी मोकळेपणानं," म्हणाले. अंतर्गत गुण ज्यांच्या हातात, तेच मोकळेपणाचा हुकूम सोडत होते. मला हसू आलं, ते मी गिळलं.

मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून मी मुलींना विचारत फिरले. सगळ्यांचं एकच पालुपद, सर छान शिकवतात. माझं डोकंच फिरलं. मग आठवलं, आमच्या कुरखेड्याकडे रोवणीच्या वेळी बायका दिवसभर धानाच्या बांधीत वाकलेल्या असतात आणि घरात ज्याबद्दल तोंड उघडत नाहीत, ते तिथं बोलून टाकतात. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नसतं ना. आता चंद्रपूरच्या वसतिगृहात बांधी कुठून आणायची? पण माझ्या खोलीतली मैत्रीण चिमूरकडची. तिच्या घरून हिरव्या तुरीच्या शेंगांचं पोतं आलं होतं. ते मी व्हरांड्यात ओतलं, सोले म्हणजे ओले दाणे घालून केलेल्या सोलेभाताचं आमिष दाखवलं आणि सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

मोबाइल खोलीतच ठेवला. कुणाचंही नाव लिहिणार नाही, असा शब्द दिला. मग काय, मुली सुटल्याच. प्रकल्पात मुलं ठरवतात आणि आम्ही टाइप करतो. पुस्तकातला मोटारींचा कारखाना तोंडपाठ आहे, पण साधं मेसचं नियोजनसुद्धा कधी कुणी आमच्यावर सोपवलं नाही. सगळ्यांत झोंबणारं बोलली ती माझी मैत्रीणच. शेंगेवरची नजर न काढता म्हणाली, "काम करनाऱ्यायले इचारून ठरवावं, असं सर शिकवून राह्यले. अन् वर्गात मले त्यायनं एक डाव काही इचारलं नाई."

ते वाक्य मी अहवालाच्या पहिल्याच पानावर टाकलं, जसंच्या तसं.

सरांनी केबिनमध्ये बोलावून ते पान माझ्यापुढे आपटलं. "कोण म्हणालं हे?"

मी पान सरळ करून परत त्यांच्यापुढे ठेवलं.

"निनावी तक्रार समितीपुढे ठेवू मी? नाव सांग, नाहीतर पान काढ."

मैत्रीण सरांच्या विषयात आधीच काठावर होती आणि सूरजागडच्या खाणीकडच्या नोकरीची तिची मुलाखत तोंडावर आली होती. नाव सांगितलं तर तिचं काही खरं नव्हतं. पान काढलं तर अहवालात फक्त 'सर छान शिकवतात' उरणार होतं. मला सरांचा संताप आला आणि संतापातच बोलून गेले, "सर, तुम्हीच येऊन विचारा. पण खाली बसून शेंगा सोलाव्या लागतील."

सरांनी ते पान उचलून खणात टाकलं. "रविवारी येतो," म्हणाले.

रविवारी सकाळी वॉर्डनबाईंना सांगून सर खरंच आले. व्हरांड्यातल्या सतरंजीवर मांडी घालून बसले आणि उरलेल्या शेंगांतली एक उचलली. त्यांना ती धड सोलता येईना. एरवी आम्ही फिदीफिदी हसलो असतो. त्या दिवशी सगळ्या आपापल्या शेंगेत डोकं घालून बसल्या.

"ते वाक्य कुणाचं?" सरांनी खाली बघतच विचारलं.

"सर, मी शब्द दिलाय," मी म्हणाले.

"तुला नाही विचारलं."

मी मैत्रिणीचा गुडघा दाबून धरला. तिनं माझा हात हळूच बाजूला केला.

"माहं हाय, सर."

सरांचे हात थांबले. झालं, संपलं सगळं, असं मला वाटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग वर्गात का नाही बोललीस?"

"आज तुमी इचारलं, म्हनून सांगून राह्यली."

सरांनी तीच अर्धवट सोललेली शेंग पुन्हा सोलायला घेतली. मग मान वर न करता म्हणाले, "आणखी काय बदलायला हवं?"

मैत्रिणीनं मूठभर शेंगा त्यांच्यापुढे सरकवल्या आणि बोलायला लागली.