प्लॅस्टिकच्या रकान्यात किती ग्रॅम

जर्मनीत कुठंतरी एका ऑफिसात एक माणूस बसलेला आहे. आमच्या धारवाडच्या सप्तापुरातल्या घरातून निघालेल्या पिशवीभोवतीचं वेष्टण किती ग्रॅम भरतं, याची त्याला पगारी काळजी आहे. त्या माणसाबद्दल मला जी तुच्छता वाटली ती मी इथं लपवणार नाही. लपवून उपयोगही नाही, कारण ते दहा दिवस माझं बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जात होतं.

माझी बायको कसूतीचं भरतकाम करते. इरकली कापडावर गोपुरं, रथ, हत्ती. गाठ कुठं नाही, दोन्ही बाजूंनी सारखं. तिच्या पिशव्या पूर्वी नवनगरच्या प्रदर्शनात ठेवल्या जायच्या, म्हणजे बायका हात लावून "छान आहे हं" म्हणायच्या आणि शेजारच्या टेबलावर पापड घ्यायला जायच्या. मग बेंगळूरला नोकरीला असलेल्या मुलीनं तिला एका परदेशी ऑनलाइन बाजारात दुकान उघडून दिलं. आणि काय आश्चर्य, ज्यांना धारवाड कुठं आणि हुबळी कुठं हे सात जन्मांत कळणार नाही अशा जर्मन बायका पिशव्या मागवू लागल्या. दहातली आठ गिऱ्हाइकं तिकडची.

एका सकाळी त्या बाजाराची मेल आली. तिकडं एक नवा पैसाही कमवायचा असेल तर वेष्टणाच्या कचऱ्याची जबाबदारी विकणाऱ्याची. जर्मनीच्या सरकारी नोंदवहीत नाव घाला, वेष्टण कुठल्या जातीचं आणि वर्षाला किती वजनाचं ते सांगा, कचरा उचलणाऱ्यांची फी भरा आणि नोंदणी क्रमांक पंधरा दिवसांत कळवा. नाहीतर तुमचं दुकान जर्मनीत दिसणार नाही. एक पार्सल पाठवा की लाख, नियम तोच.

"म्हणजे दुकानच गेलं की हो," बायको म्हणाली. तिच्या हातातली सुई थांबली होती. मी घरात कितीही आरडाओरडा केला तरी ती सुई थांबत नाही, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे मला कळलं.

"मी आहे ना," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडात फार शोभतं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक आहे. सव्वीस वर्षं मी लोकांचे अर्ज परत पाठवत आलोय. फोटोवर सही आडवी हवी, उभी केली तर परत. झेरॉक्सवर शिक्का अर्धा उमटला तर परत. मला फॉर्म भरणं शिकवणारा अजून कुठल्या देशात जन्मायचा होता.

आधी मुलीनं सुचवलेल्या एका सल्लागाराला फोन केला. बेंगळूरचा पोरगेला आवाज, वाक्यागणिक 'सर'.

"आम्ही खोका नवा घेतच नाही," मी त्याला ठणकावून सांगितलं. "औषधाच्या दुकानातला जुना खोका उलटा करून वापरतो. कचरा वाचवतो आम्ही!"

"सर, जुना असला तरी तो जर्मनीत पहिल्यांदाच जातोय ना? मग त्यांच्या दृष्टीनं नवाच."

"आणि खोक्याच्या आत जुन्या लुगड्याचं कापड गुंडाळून शिवतो, ते?"

"कस्टमर ते टाकणार का, सर?"

बायको शेजारीच होती. ती फोनच्या अंगावरच गेली. "टाकेल कशाला? आईचं लुगडं आहे ते! टाकायला दिलंय का मी?"

मग तो म्हणाला, "मॅडम, सेफ साइड म्हणून 'इतर'च्या रकान्यात टाकू."

मी फोन ठेवला. सासूबाईंचं लुगडं 'इतर'! असल्या लोकांच्या हातात आपण काम द्यायचं नाही, असं मी जाहीर केलं आणि स्वतःच कॉम्प्युटरपुढं बसलो.

तीन संध्याकाळी बसलो. मोठ्यानं वाचत, मोठ्यानं हसत. हसणं अर्थातच तुच्छतेचं. ह्यांच्या गाड्या धूर ओकणार, ह्यांची विमानं आमच्या डोक्यावरून जाणार, आणि हिशेब कुणाचा, तर आमच्या पिशवीच्या दोऱ्याचा! चौथ्या दिवशी अर्ज गेला, आणि माझ्या नावानं नोंदणी क्रमांकही आला. मी तो बाजाराला कळवला आणि पेढे आणले.

बाजारानं तो क्रमांक परत पाठवला.

कारण एका ओळीत होतं. दुकान एका नावानं, नोंदणी दुसऱ्या नावानं, चालणार नाही.

इथं आमच्या घराची रीत सांगायला हवी. गॅस माझ्या नावावर, लाइट बिल माझ्या नावावर. शिवणाचं मशीन बायकोच्या माहेरहून आलं, पण त्याच्या दुरुस्तीची पावतीसुद्धा माझ्याच नावानं फाडली जाते. त्यामुळे 'विक्रेत्याचं नाव' असा रकाना दिसताच माझा हात आपोआप माझं नाव लिहून मोकळा झाला. दुकान तिच्या नावानं आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

"नावच चुकवलंत?" बायकोनं विचारलं. आवाज अगदी साधा. तोच मला लागतो.

मुलीचा फोन आला. "अप्पा, त्यांच्या नियमात लिहिलंय, नोंदणी ज्याची त्यानंच करायची. दुसऱ्यानं करून चालत नाही. तुम्ही वाचलं नाही?"

"मोठ्यानं वाचलं," बायको मागून म्हणाली.

पाच दिवस उरले होते. बायकोनं सुई उशीला टोचली, चष्मा पुसला आणि माझ्या खुर्चीत बसली. मला काम दिलं वजनाचं. लाडवाचं बेसन मोजायचा काटा ओट्यावर मांडला, एक नेहमीसारखं तयार पार्सल घेतलं, आणि मी एकेक चीज सोडवून काट्यावर ठेवत गेलो. ती लिहीत गेली.

खोका. लुगड्याचं कापड. चिकटपट्टी. मग माझा माल निघू लागला. पाऊस लागू नये म्हणून मी घातलेली जाड प्लॅस्टिकची पिशवी. तिला भोक पडलं तर म्हणून दुसरी. आणि सगळ्यात शेवटी, चक्क चार पानं लॅमिनेट केलेली.

लॅमिनेशनचं मशीन मी मुलीच्या दहावीच्या वर्षी घेतलं. घरातलं रेशनकार्ड, पत्रिका, आरत्यांची पानं, सगळं प्लॅस्टिकमध्ये गाडून झाल्यावर ते मशीन रिकामं पडलं होतं. बायकोची पार्सलं जायला लागली तेव्हा मी कसूतीचा इतिहास लिहिला, माझ्या खास ऑफिसच्या इंग्रजीत, मुद्दे क्रमांकासह, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एक संच जोडू लागलो. पार्सल उघडल्यावर आत पिशवी आहे की जमिनीचे उतारे, असं वाटावं.

काट्यानं आकडा दाखवला. प्लॅस्टिक खोक्याच्याही वर गेलं होतं. आणि चिकटपट्टी सोडली तर त्यातलं गुंजभरसुद्धा तिचं नव्हतं.

"लिही," मी म्हणालो. माझा आवाज आता गल्लीच्या टोकापर्यंत जात नव्हता.

तिनं लिहिलं नाही. मोबाइल काढून एक निरोप माझ्यापुढं धरला. एका जर्मन बाईचा, तीन महिन्यांपूर्वीचा. तिनं लिहिलं होतं: पिशवी सुंदर आहे. जुनं कापड मी पावावर झाकायला ठेवलंय. पण ती कडक चकचकीत पानं कुठल्या डब्यात टाकायची ते आम्हाला कळेना, कागदात की प्लॅस्टिकमध्ये. पुढच्या वेळी पाठवली नाहीत तरी चालेल.

"तीन महिने सांगितलं नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं लिहिलं होतंत," ती म्हणाली. "मी दोन वेळा काढून ठेवली. तुम्ही पुन्हा घातलीत."

सव्वीस वर्षांत एवढा नेमका शेरा मारून माझा अर्ज कुणी परत पाठवला नव्हता.

आणखी एक सांगायला हवं, कारण ते सांगितलं नाही तर हे सगळं खोटं होईल. मी रोज सकाळी केलगेरीच्या तळ्याकडं फिरायला जातो. वाटेवर एका वळणाला आमच्याच गल्ल्यांचा कचरा पडलेला असतो, आणि आठवड्यातून दोनदा तो कुणीतरी पेटवतं. मी नाकाला रुमाल लावतो, "काय लोक आहेत" म्हणतो आणि पावलं जरा भरभर टाकतो. त्या ढिगात दुधाच्या पिशव्या आमच्याही असतात. पण तिथं मला कुणी वजन विचारलेलं नाही, म्हणून माझी तुच्छता तिथं रुमालापुरतीच असते. जर्मनीच्या माणसानं नुसतं विचारलं, तर दहा दिवस घर डोक्यावर घेतलं.

बायकोनं दोन्ही पिशव्या आणि चार पानं बाजूला काढली. चिकटपट्टीऐवजी कागदी पट्टी वापरायची ठरली. पावसासाठी तिनं कापडाची घडी दुहेरी केली. मग प्लॅस्टिकच्या रकान्यात शून्य घातलं, खाली स्वतःचं पूर्ण नाव एका बोटानं, एकेक अक्षर शोधून लिहिलं, आणि मला न विचारता बटण दाबलं. तिचा क्रमांक दुसऱ्या दिवशी आला. बाजारानं तो दुपारपर्यंत मान्य केला. माझ्या नावाची नोंदणी तेवढी रद्द करायची राहिली होती. ते काम माझ्याकडं आलं आणि त्याला मात्र महिना लागला.

क्रमांकाच्या पत्राचा प्रिंट काढून मी हातात धरून उभा राहिलो. नजर लॅमिनेशनच्या मशीनकडं. तिनंच सुईत दोरा ओवता ओवता वर बघितलं.

"करा की लॅमिनेट," ती म्हणाली. "हा कागद काही जर्मनीला जायचा नाही."

मी मशीन तापवलं. पत्र झकास चकचकीत निघालं. एकट्या तिच्या नावावरचा आमच्या घरातला तो पहिला लॅमिनेट केलेला कागद. मशीनशेजारच्या भिंतीवर लावला. कडेचे कापलेले प्लॅस्टिकचे तुकडे गोळा करून केराच्या डब्यात टाकले. वजन केलं नाही.