नोनी टूहीचा विस्तव

माझ्या रोजनिशीत नोंद आहे: शुक्रवार, १ मे १९८७. पूर्वेचा बोचरा वारा. धुराड्यावर टोपी बसवायला छपरांची कामे करणारा फिंटन लूबी नोनीकडे आला आणि काम न करताच परत गेला. आता सोमवारी येणार.

नोनी टूही माझी शेजारीण. मठाच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिच्या आईने अंथरूण धरले तेव्हा ती चौदा वर्षांची होती; शाळा सुटली ती कायमची. भाऊ बॉस्टनला गेले, आई गेली, नोनी मात्र चुलीपाशी राहिली. लग्नाचे कोणी विचारलेच नाही, असे ती म्हणे. विचारले होते, मला माहीत आहे. पण दुसऱ्याच्या घरी गेली असती तर विस्तव कोणी सांभाळला असता? तिच्या आजोबांनी पेटवलेला तो विस्तव कधी विझला नव्हता. रोज रात्री चुलीची राखण करणाऱ्या संत ब्रिजिडचे नाव घेऊन ती निखाऱ्यांवर राख ओढी, आणि सकाळी राख सारून जळणासाठी दलदलीतल्या मातीची वाळकी वीट त्यावर ठेवी.

त्या वसंतात कावळ्यांनी तिच्या धुराड्यात काड्या भरल्या. धूर खोलीत फिरू लागला. नोनीचे डोके दुखे, अन्नावरची वासना गेली. माझ्या धुराड्यावर नवऱ्याने मागेच टोपी बसवली होती, तशी तूही बसव, म्हणून मी मागे लागले. पण कामासाठी चूल विझवावी लागणार, म्हणून ती ऐकेना. शेवटी मी म्हटले, निखारे बादलीतून माझ्या चुलीत आणू, काम झाले की परत नेऊ. तेव्हा कुठे ती कबूल झाली.

त्या शुक्रवारी फिंटनने गाडीतून दोन टोप्या काढल्या. एक वाऱ्याने फिरणारी, दुसरी चारी बाजूंनी जाळीची.

"फिरणारी नको," नोनी म्हणाली. "रात्रभर कुरकुर ऐकायची होती तर नवराच नसता का केला?"

"मग जाळीची घ्या. पण आधी आतलं घरटं काढायला हवं. विस्तव बाहेर न्या."

मी बादली पुढे केली. नोनी हातातला चिमटा धरून तशीच उभी राहिली.

"आज पहिली मे ना गं?"

"हो. मग?"

"आज विस्तव घराबाहेर जात नाही. त्याच्यामागून घराचं दैव जातं."

"माझी आजीपण हेच म्हणायची," फिंटन म्हणाला. "पण कावळे काही तारीख बघून थांबत नाहीत, मिस टूही."

"नोनी, शाळेतल्या सिस्टर पेट्रोनिलांनी हे ऐकलं असतं तर छडी काढली असती," मी म्हटले.

"त्यांच्या चुलीत बाजारातला कोळसा. त्यांना काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी फिंटनला चर्चच्या छपराचे काम होते. "सोमवारी येतो," तो म्हणाला. "तोवर खिडकी उघडी ठेवा, आणि त्या खोलीत झोपू नका."

"माझ्याकडे ये झोपायला," मी म्हटले.

"आणि राख कोण ओढणार, तू?"

रविवारी ती प्रार्थनेला आली नाही. मी तिच्या घरी गेले. खिडकी बंद होती, दाराच्या फटीत वारा येऊ नये म्हणून गोणपाट कोंबलेले. नोनी खुर्चीत होती, मांडीवर जपमाळ. गालांवर असा गुलाबी रंग मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. हात लावला तर गार.

कोंडलेल्या चुलीतल्या विषारी वायूने गेली, त्याला वासही नसतो, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी चुलीत पाणी ओतायला सांगितले. ओतण्याआधी मी राख सारली. खाली निखारे लाल होते. ते मी बादलीत भरून माझ्या चुलीत आणले.

सोमवारी फिंटन ठरल्याप्रमाणे आला. शवपेटी पुढच्या खोलीत होती. त्याने टोपी काढून हातात घेतली, स्वतःच्या डोक्यावरची, आणि नोनीसाठी प्रार्थना केली.

"आता कोणासाठी बसवतोस रे?" मी विचारले.

"त्यांनी पसंत केली होती ना," तो म्हणाला आणि शिडी लावायला गेला.

त्या संध्याकाळी मी रोजनिशीत लिहिले: नोनीच्या धुराड्यातून दोन पोती काड्या निघाल्या. वाळक्या आहेत, शेडमध्ये ठेवल्या, चूल फुलवायला हिवाळाभर पुरतील. चुलीवर राख ओढली.