उसना बिल्ला

मखमलाबादच्या सगुणाबाईवर विमा कंपनीला फसवल्याचा फौजदारी गुन्हा दाखल झाला, तेव्हा तिच्या रतिबाच्या गिऱ्हाइकांना पहिली शंका आली ती दुधाची. सहाव्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर तोंडावरच विचारलं, "मावशी, दुधात तर काही नसतं ना?" सगुणाबाईने किटलीचं झाकण उघडून समोर धरलं. बाईंनी आत पाहिलं नाही, पण त्या दिवसापासून माप मात्र डोळ्यांत तेल घालून घ्यायला लागल्या.

आता या बाईने कंपनीला फसवलं का? फसवलं. उगाच गोडगोड सांगण्यात अर्थ नाही. पण कसं फसवलं ते ऐकलं, तर रागवावं की हसावं ते कळत नाही.

सगुणाबाईच्या गोठ्यात एकच गाय, हरणी. काळीपांढरी, संकरित, दुधाला चांगली आणि स्वभावाने मालकिणीसारखीच हट्टी. शेजारच्या नवसाबाईकडेही तशीच एक गाय. दोघी विधवा, दोघींची घरं भिंतीला भिंत लागून, आणि उसनवारी इतकी की कोणती वाटी कोणाची हे दोघींच्या सुनांनाही सांगता येत नसे. विरजण, साखर, चहापत्ती तर रोजचीच. नवसाबाईच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा सगुणाबाईची घडी न मोडलेली पैठणी त्या मुलीच्या अंगावर होती. उसनी आणलेली वाटी रिकामी परत करायची नाही, हाही दोघींचा नेम.

गायींचा विमा उतरवायला माणूस आला, त्या दिवशी नवसाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी मालेगावला गेलेली. सगुणाबाईने त्याला शेजारचा गोठा दाखवला, हिचाही उतरवून टाका म्हणाली. मालकीण हजर पाहिजे, असं म्हणून तो हरणीच्या कानात पिवळा बिल्ला मारून, तिचा फोटो घेऊन निघून गेला. दुसरा फेरा तो लवकर मारणार नव्हता.

मग लग्नसराई आली. गंगापूर रोडच्या एका लग्नाच्या लॉन्समागे उरलेल्या भाताचे ढीग टाकलेले होते. नवसाबाईची गाय दावं तोडून तिकडे गेली आणि पोट फुटेस्तोवर खाऊन आली. डॉक्टर येईपर्यंत संपली. नवसाबाई गायीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती, नुसती तिच्या कानामागे खाजवत होती.

सगुणाबाईला ते बघवेना. ती घरी गेली, पक्कड घेतली, हरणीच्या कानातला बिल्ला काढला आणि तारेने मेलेल्या गायीच्या कानात बसवला. नवसाबाईने तो मागितला नव्हता. बघून ती घाबरलीच. "अगं, हे चालतं का?"

"बिल्ल्याचाच इमा असतो," सगुणाबाई म्हणाली. "गायीकडं कोण बघतंय?"

आणि खरोखरच कोणी बघितलं नाही. हरणीला पत्र्याच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. कंपनीचे साहेब आले, बिल्ल्यावरचा नंबर वाचला, फोटो काढले, गेले. पुढे पैसे सगुणाबाईच्या खात्यात आले. ते तिने सगळेच्या सगळे नवसाबाईच्या हातात ठेवले आणि नवसाबाईने नवी गाय आणली. या सगळ्या कटातून सगुणाबाईला काय मिळालं म्हणाल, तर नव्या गायीचा खरवस. तोही वेलची न घातलेला.

आपण लबाडी केली हे तिला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. न कळणारा माणूस गाय खोलीत कोंडत नाही. पण पैसे मिळाले, काम झालं, विषय संपला, असं तिने धरलं. इतकं की पुढच्या वर्षी गावात विम्याचं शिबिर लागलं, तर ही बाई हरणीला घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. कंपनीच्या पोराने कानातलं भोक पाहून विचारलं, "हिचा बिल्ला कुठाय?"

"एकीला उसना दिलाय. नवा मारा."

पोराने सगुणाबाईच्या नावावरचा, विमा उतरवतानाचा जुना फोटो मोबाइलमध्ये शोधून काढला. गायीच्या अंगावरचे ठिपके माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात, एकाचे दुसऱ्याला जुळत नाहीत. कागदावर मेलेली हरणी समोर उभी राहून त्याची बाही चाटत होती.

पुढचं व्हायचं तेच झालं. पोलीस आले, सगुणाबाई जामिनावर सुटली. बिल्ला कोणाला दिला, हे तिने सांगितलं नाही. पोलिसांनी शेजारी विचारलं, तर नवसाबाईने कानावर हात ठेवले. "माझी गाय कुठं मेलीय? ही काय उभी हाय." नव्या गायीकडे बोट दाखवून तिने तसा जबाब दिला. त्या दिवसापासून तिचं दार बंद झालं, वाट्यांची ये-जा थांबली.

हे मात्र सगुणाबाईच्या जिव्हारी लागलं. गुन्ह्याची तिला लाज वाटत होती, तुरुंगाची भीती वाटत होती, पण रात्री डोळा लागायचा नाही तो नवसाबाईच्या त्या एका वाक्याने. मुलगा शेखर अंबडच्या कारखान्यात कामाला. तो रोज तेच म्हणायचा, "आई, नाव सांगून टाक तिचं. तिनं ठेवली का तुझी लाज?" वकिलाचंही म्हणणं तेच. शेजारणीने बिल्ला चोरला आणि तुम्हाला गोवलं असं सांगा, सुटाल. सगुणाबाई हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. एकदा तर चिडून म्हणाली, "सांगतेच आता." शेखरला बरं वाटलं.

तारखेच्या दिवशी सीबीएस स्टँडजवळ कोर्टाच्या दारात नवसाबाई उभी. धुतलेलं लुगडं, चेहरा उतरलेला. इतक्या महिन्यांनी दोघी समोरासमोर आल्या.

"मी सांगते साहेबाला," नवसाबाई म्हणाली. "गाय माझी मेली म्हणून."

"तवा का नाय सांगितलं?"

"भ्याले."

बोलायचं म्हणून सगुणाबाईने किती दिवस मनात साठवून ठेवलं होतं, पण ते समोरच्या बाईला बोलवेना. ती हडकली होती.

"आन् दोघी आत गेलो तर धारा कोण काढणार?" सगुणाबाई म्हणाली. "तुझी गाय हरणीसारखी नाय, दुसऱ्याला हात लावू देत नाय. तू भायेर थांब."

वकील पुढे होऊन घाईने काही सांगू लागला, पण तेवढ्यात पुकारा झाला.

न्यायाधीश बाई तरुण होत्या. त्यांनी आरोप मराठीत वाचून, समजावून सांगितला. गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं. नाही म्हणा, अशी वकिलाने मान हलवून खूण केली. सगुणाबाईने पदर सारखा केला. "कबूल हाय. बिल्ला मीच काढला, मीच लावला."

"विचार करून सांगताय ना? शिक्षा होऊ शकते. पैसेही भरावे लागतील."

"भरीन."

"मेलेली गाय कोणाची होती? तुमच्याबरोबर या कामात आणखी कोण होतं?"

शेखर बाकावरून अर्धा उठला. पाठीमागच्या उघड्या दारातून व्हरांड्यात थांबलेली नवसाबाई दिसत होती, पण सगुणाबाईने मागे वळून पाहिलं नाही.

"कोणी नाय," ती म्हणाली. "मी एकटीच हुते."

बाहेर नवसाबाईला हुंदका फुटला. शिपायाने दारात येऊन तिला गप्प बसायला सांगितलं, आणि तुमचं काम काय इथे, असं विचारलं.