वरच्या गल्लीतली पावलं

"आई घरातच आहेत ना? मग बोलवा की. प्रत्यक्षच बघू या."

लॅपटॉपवर चार चौकटी होत्या. तिघं ते, एक मी. बोलले ते मुलाखत समितीचे अध्यक्ष. दुसरे सर हसले. तिसऱ्या चौकटीत एक बाई होत्या, त्यांनी खाली बघितलं.

माझी मान खाली गेली.

पीएचडीच्या प्रवेशाची मुलाखत होती. विषय, मानवी हालचालींचं शास्त्र. माणूस चालतो कसा, वाकतो कसा, कोणत्या सांध्यावर किती भार येतो, हे मोजायचं शास्त्र. मी फिजिओथेरपिस्ट आहे. धाराशिवच्या एका दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांचे गुडघे बघते. मुलाखत ऑनलाइन होती, म्हणून सुट्टी घेऊन घरूनच दिली. बेंबळीच्या पुढं आमचं गाव आहे. पत्र्याच्या पेटीवर पाट, पाटावर लॅपटॉप. मागं दोरीला चादर बांधली होती, घर दिसू नये म्हणून.

सुरुवात इंग्रजीत झाली. अध्यक्ष म्हणाले, तुमच्या भागाच्या मानानं इंग्रजी बरंच चांगलं आहे. माझे वडील इंग्रजी शाळेची गाडी चालवायचे, म्हणून मला तिथं प्रवेश मिळाला. तिथं मी इंग्रजी शिकले, आणि इंग्रजीत गप्प बसायलाही.

मग त्यांनी विषयाला हात घातला.

माझा विषय असा होता. आमच्या वस्तीतून एसटीच्या थांब्याकडं जायचं तर वाट वरच्या गल्लीतूनच आहे. मोठ्या जमिनींची, मोठ्या जातीची घरं. तिथं आली की आई चपला काढून हातात घेते. पदर कपाळावर ओढते. गल्ली संपली की चपला परत पायात. आता हे कुणी सांगत नाही. कुणी अडवतही नाही. आजीला कुणीतरी सांगितलं होतं, आजीनं आईला सांगितलं. लहानपणी मी आईचं बोट धरून चालायचे, आणि गल्लीत शिरलं की तिचा हात खाली यायचा. हात का खाली येतो, ते कळायचं नाही. कॉलेजात चालीचं विश्लेषण शिकले तेव्हा कळलं. खांदा खाली यायचा.

हे मोजता येतं. पाऊल किती आखडतं, मान किती झुकते, चाळीस वर्षं असं चालून मणक्याचं काय होतं. मला ते मोजायचं होतं.

अर्जासोबत नमुन्याचं चित्रण लागणार होतं. पहिल्यांदा मी आईला सांगून केलं. सांध्यांवर खुणा लावायच्या असतात. प्रयोगशाळेत त्यासाठी चकाकणारे गोळे असतात, माझ्याकडं टिकल्यांचं पाकीट होतं. फोटू निघणार म्हणून आई लग्नातली साडी नेसून आली. गल्लीत कशाला, म्हणाली, इथं पटांगणात काढ की. पायात चपला, मान ताठ. अशी चालली की मला ओळखू येईना. ते चित्रण वाया गेलं, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्यांदा मी तिला सांगितलंच नाही. फोन छातीशी धरून गल्लीत तिच्या मागून चालले. बावीस सेकंद.

समितीनं ती बावीस सेकंदं बघितली. अध्यक्ष म्हणाले, यात शास्त्र कुठं आहे? हे समाजशास्त्र झालं. काही माणसं वाकून चालतात, काही ताठ चालतात. मग विचारलं, ही बाई कोण? मी म्हणाले, माझी आई.

म्हणून तिला बोलवायचं होतं.

मला नाही म्हणता आलं असतं. मी लॅपटॉप उचलला आणि उंबऱ्यावर, अंगणाकडं तोंड करून ठेवला. चादर मागं राहिली. डबे, दोरीवरचे कपडे, सगळं त्यांना दिसलं असणार. आई अंगणात ज्वारी निवडत होती. पोरीची परीक्षा चालली आहे एवढंच तिला ठाऊक होतं.

"सायेब बघायलेत व्हय?" ती म्हणाली आणि उठली.

पडद्यावर तिला तीन तोंडं दिसली. तिनं पायातल्या चपला काढल्या. हातात घेतल्या. पदर कपाळावर ओढला. आणि चालली. तुळशीपासून गोठ्यापर्यंत. खांदा खाली, मान खाली, पाऊल आखूड.

ती वरची गल्ली नव्हती. आमचं अंगण होतं.

"अगदी व्हिडिओसारखंच," अध्यक्ष म्हणाले. "आता त्यांना ताठ चालायला सांगा."

आई परत चालली. तशीच. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. तिसऱ्यांदा न सांगताच चालली, आणखी वाकून.

"आणि तुम्हीही बघा, मघापासून तशाच मान खाली घालून बसला होतात. सॅम्पल नंबर दोन."

दुसरे सर मोठ्यानं हसले. साहेब हसले म्हणून आईही हसली. पदर तोंडाला लावून. खूश झाली होती ती.

ते हसू मला अजून दिसतं.

आमच्या शास्त्रातला पहिला धडा असा की, ज्याला मोजायचं त्याची लेखी संमती हवी. मी तेवढंच म्हणाले. "सर, माझ्या आईची संमती तुम्ही घेतलेली नाही. हे थांबवा." उत्तर यायच्या आत मी लॅपटॉप मिटला.

आईच्या हातात अजून चपला होत्या. "झालं व्हय? जमलं का गं माझं?"

मी आत गेले. चादर सोडली. घडी घालता घालता तिच्यातच तोंड खुपसून रडले.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. आवाज मऊ होता. तुमची तयारी चांगली आहे, म्हणाले. आईचा विषय सोडा, भावनिक होतंय ते. वेगवान गोलंदाजांचे गुडघे घ्या. जागा देतो. सोमवारपर्यंत कळवा.

खोटं कशाला लिहू, मला ती जागा हवी होती. तिथं जमिनीत बसवलेली फळी असते, तिच्यावर पाऊल पडलं की भार कळतो. कॉलेजपासून मी तिची चित्रं बघत आले होते. त्या फळीसाठी मी दोन दिवस गोलंदाजांच्या गुडघ्यांवरचे लेख वाचले.

रविवारी ते बंद केले. ठरवलं, विषय तोच ठेवायचा आणि या वेळी रीतसर ठेवायचा. मराठीत संमतीपत्र लिहिलं. काय मोजणार, कोण बघणार, नाही म्हणायचा हक्क. खाली दोन चौकोन, होय आणि नाही. आईपुढं बसून वाचलं. आणि वाचता वाचता माझीच जीभ अडली. ती बावीस सेकंदं. समितीला मी जे सुनावलं होतं, ते आधी मलाच लागू होतं.

मी तिला सांगितलं. दाखवलंही. तिनं स्वतःला पाठमोरं कधी बघितलं नव्हतं. दोनदा बघितलं.

"म्या अशी चालते व्हय?"

मी फोन उलटा करून ठेवला.

"तू तरी इचारायचं व्हतंस."

मग तिनं पेन मागितलं. साक्षरतेच्या वर्गात ती अक्षरं शिकली होती. बोट ठेवून दोन्ही चौकोन वाचले आणि नाहीच्या चौकोनात फुली मारली. इतकी दाबून की कागद फाटला. म्हणाली, हे कुणाला दावू नको.

आईला कुणालाही नाही म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं. पहिलं नाही मला मिळालं.

मी चित्रण पुसलं. अर्जातूनही काढून घ्या म्हणून विद्यापीठाला लिहिलं. त्याच पत्रात लिहिलं, विषय बदलणार नाही. यादी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं. आई अजून त्या गल्लीत चपला काढते. काल पण काढल्या.

यादी बघितली त्या दिवशी मी घोट्यावर, गुडघ्यावर, खांद्यावर टिकल्या लावल्या. गल्लीच्या तोंडाशी दगडाला टेकवून फोन ठेवला आणि चालले. पायात बूट होते. मी ताठ चालतेय असं मला वाटत होतं. नंतर बघितलं. तिसऱ्या घरापाशी मान खाली गेली होती. पाऊल आखडलं होतं. बुटांसकट.

नमुना क्रमांक एक. संमती, होय. सही माझी.

पुढच्या वर्षी अर्ज पुन्हा भरणार आहे. तिथं नाही तर दुसरीकडं. विषय तोच. आईचा फाटका कागद माझ्या फाइलमध्ये आहे, तो कुणाला दाखवणार नाही. पण मुलाखतीत पुन्हा कुणी म्हणालं, जरा चालून दाखवा, तर काय म्हणायचं ते मला आता पाठ आहे.