नलूवहिनीचं पित्त

आमच्या वर्ध्याजवळच्या सेलूच्या घरात पित्ताला एकच औषध होतं, घोंगडी. कुणाच्या अंगावर पित्त उठलं की त्याला आडवं करायचं, गेरू चोळायचा आणि डोक्यापासून पायापर्यंत काळ्या घोंगडीत गुंडाळायचं. घाम सुटला की पित्त जिरलं. माझी आई, कौशल्याबाई, हे इतक्या खात्रीने सांगायची की गल्लीतल्या बायाही घोंगडी मागायला आमच्याकडेच यायच्या.

१९९३ च्या मार्चमध्ये माझा भाऊ प्रफुल याचं लग्न झालं आणि रोहण्याची नलू आमची वहिनी झाली. शेतकऱ्याची लेक, कामाला वाघ. त्याच उन्हाळ्यात एका दुपारी ती गच्चीवर तूर वाळत घालून खाली आली, तर मान आणि दोन्ही हात लालभडक चट्ट्यांनी भरलेले. खाजवून खाजवून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आईने मायेने तिला लगेच गुंडाळलं. मी तेव्हा पंधरा वर्षांची. हवा शिरू नये म्हणून घोंगडीचे काठ दाबून बसायचं काम माझं.

घोंगडीत गेल्यावर वहिनी आणखीच लाल व्हायची. आई म्हणायची, आतलं पित्त बाहेर निघून राह्यलं. तासा-दोन तासांनी ते आपोआप उतरायचं, आणि शाबासकी मिळायची घोंगडीला. आठ उन्हाळे आम्ही हेच केलं. वहिनी शेतातून ऊन चढायच्या आत परतायची, चुलीपासून जमेल तेवढी लांब बसायची. आम्ही तिला मेणाची बाहुली म्हणायचो. मी जरा जास्तच.

२००१ च्या मे महिन्यात माझं लग्न होतं. हळदीच्या दिवशी वहिनी सकाळपासून अंगणात, मोठ्या चुलीजवळ होती. दुपारी ती आत आली तेव्हा अंगभर चट्टे होते आणि ओठही सुजले होते. ती काहीतरी बोलू पाहत होती, पण जीभ वळत नव्हती. आई म्हणाली, आज जोरात उठलं, दोन घोंगड्या आण. मी आणल्या. हळदीच्या पिवळ्या हातांनी मीच काठ दाबले.

तिचा हात बाहेर आला. मी तो आत सारला. पुन्हा आला, पुन्हा सारला. तिसऱ्यांदा आला नाही. डोळा लागला वाटते, असं मी आईला म्हटलं आणि मला खरंच बरं वाटलं.

काहीतरी शोधत आत आलेल्या प्रफुलने तिला हाक मारली. ओ नाही म्हणून घोंगडी ओढली. वहिनीचा चेहरा ओळखू येत नव्हता. डोळे सुजून मिटलेले, श्वासाची घरघर.

मंडपाचं सामान घेऊन आलेल्या जीपमधून आम्ही तिला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं झाली, सलाईन लागलं. संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, घरी काय केलं होतं? मी सगळं सविस्तर सांगितलं. वर हेही सांगितलं की आम्ही वेळ अजिबात घालवला नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

"हिचं पित्त उन्हाने, उष्णतेने उठतं. आणि तुम्ही हिला मे महिन्यात दोन घोंगड्यांत गुंडाळलं?"

ते ओरडले असते तर परवडलं असतं. आणखी अर्धा तास गेला असता तर ती हाती लागली नसती, असं ते म्हणाले. आई तिथेच फरशीवर बसली. मी माझ्या हातांकडे पाहत होते.

वहिनी वाचली. पित्त गेलं नाही, आटोक्यात आलं. रोज सकाळी गोळी, बाहेर निघताना पूर्ण बाह्यांचं पोलकं आणि डोक्यावर ओला दुपट्टा, लग्नकार्यात पंख्याखालची खुर्ची. आईने त्या दिवसाचा विषय कधीच काढला नाही. मलाही पाच वर्षं धीर झाला नाही.

२००६ मध्ये मी माहेरी आले होते. ऊन उतरल्यावर आम्ही दोघी गच्चीवर कुरड्या काढत होतो. तेव्हा मी विचारलं, "वयनी, उन्हानं होते हे तुले कळत नव्हतं का?"

"कळत होतं ना. लहानपणापासून."

"मंग सांगितलं काऊन नाई?" माझा आवाज चढलाच. इतकी वर्षं गप्प बसली म्हणून मला तिचाच राग आला होता.

तिने कुरडी टोपल्यात ठेवली. "सांगितलं होतं, ताई. तुमालेच सांगितलं होतं. आईले सांगाची हिंमत नव्हती, म्हणून तुमाले म्हटलं, घोंगडीत मले जास्त होते, तुमी सांगजा. तान्ह्या पोळ्याचा दिवस होता, पोरं लाकडी बैल घेऊन दारात आले होते. तुमी हसल्या."

ती रागावून बोलत नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती.

मी खूप आठवून पाहिलं. मला तो दिवस आठवत नाही, ते हसणंही आठवत नाही.