आढाव्यातला कोरा रकाना

"वापरून बगितलं का कुनी?"

आढावा बैठकीच्या तक्त्यात कुठल्याही कामापुढे ‘पूर्ण’ लिहायची वेळ आली, की आमचे हेडक्लार्क चष्मा काढून टेबलावर ठेवायचे आणि हा प्रश्न विचारायचे. सगळं ऑफिस त्यांना तात्या म्हणायचं. तो तक्ता टाइप करायचं काम माझं. तेव्हा तात्यांचा सगळ्यात जास्त ताप कुणाला झाला असेल, हे तुम्ही ओळखलंच असेल.

बारामतीहून इंदापूरला जाताना आमचं गाव लागतं. नगरपरिषद छोटी, पण उद्दिष्टं भरपूर. बागेत बाक, दवाखान्याला रॅम्प, बाजारात महिलांसाठी स्वच्छतागृह, अशी यादी पाच वर्षांसाठी ठरलेली आणि दर तीन महिन्यांनी तिचा आढावा. गणित सोपं होतं. ठेकेदार म्हणाला झालं, इंजिनिअरने सही केली, की आपण ‘पूर्ण’ लिहून मोकळं व्हायचं. आमच्याकडे मात्र तात्या होते.

बागेतले बाक झाले, तर हे एप्रिलच्या भर दुपारी तिथे जाऊन बसले. लालबुंद होऊन परत आले आणि म्हणाले, "लिवा, दुपारचं बसवत न्हाय." रॅम्प झाला, तर दवाखान्यातली चाकाची खुर्ची मागून घेतली, स्वतः तिच्यात बसले आणि शिपायाला ढकलायला लावलं. खुर्ची निम्म्यावर अडकली. शिपाई घामाघूम, पेशंट बघायला गोळा झालेले, आणि तात्या खुर्चीतूनच ओरडतायत, "मॅडम, लिवून घ्या! उतरता येतं, चढता येत न्हाय!" मला कुठे तोंड लपवू असं झालं. रॅम्प पुढे पाडून नीट बांधला, हे खरं. त्याचं श्रेय इंजिनिअरने घेतलं, हेही खरं.

मग आलं स्वच्छतागृह. पिंपळीकडून भाजी घेऊन येणाऱ्या बायका बाजाराच्या दिवशी पहाटे बसायच्या त्या दिवेलागणीला उठायच्या. दिवसभर पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. का, ते मी सांगायला नको. इमारत उभी राहिली, फरशी बसली, निळा रंग लागला. तात्या माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, हितं माझं काम न्हाय. तुमी जाऊन या."

"मी? बाजारात? सगळ्यांदेखत?"

"मग भाजीवाल्या काय चोरून जानार व्हय?"

मी साफ नाही म्हणाले. हे क्लार्कच्या कामात बसत नाही, असंही ऐकवलं. तात्यांनी वाद घातला नाही. पुढच्या बाजाराला ते स्वतःच्या बायकोलाच घेऊन आले. काकूंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. रिक्षाच्या दांडीला धरून कशाबशा उतरल्या, आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"आवो, कडी हाय, पर लागत न्हाय. चौकटच वाकडी बसिवलीया. दार आपुआप उगडतंय."

चौकट फोडून नवी बसवायला हवी होती. ठेकेदार केव्हाच पुढच्या गावी गेलेला. तात्यांनी रकाना कोरा ठेवला. एक बैठक गेली, दुसरी गेली. मुख्याधिकारी बोलावून घ्यायचे ते मला, नगराध्यक्षांचा फोन यायचा तोही मला. तात्यांना कुणी विचारायचंच नाही, कारण त्यांचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. अख्खी यादी पूर्ण आणि मध्ये ही एक ओळ रिकामी. तिसऱ्या बैठकीच्या वेळी तात्या दोन दिवस रजेवर होते. माझं डोकं पिकलं होतं. मी ‘पूर्ण’ टाइप केलं आणि प्रिंट काढली.

बैठकीत टाळ्या वाजल्या. पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

तात्यांनी परत आल्यावर तक्ता पाहिला. मी भांडायच्या तयारीत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "आता चौकट व्हत न्हाय, मॅडम. पूर्ण झालेल्या कामाला परत निधी मिळत न्हाय." आणि पुढची फाइल ओढली. ओरडले असते तर परवडलं असतं. दिवसभर मी मनातल्या मनात त्यांच्यावरच चरफडत होते. एवढी काळजी होती तर रजा कशाला घ्यायची?

दीडेक वर्षाने ते निवृत्त झाले आणि दोघं मुलीकडे इंदापूरला राहायला गेली. निरोपाच्या भाषणात मी ‘काटेकोर’ हा शब्द तीनदा वापरला. ऑफिसात शांतता झाली. तक्ता तासाभरात तयार व्हायला लागला.

परवा बैठक नेमकी बाजाराच्या दिवशी आली. ऑफिसच्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून नाइलाजाने मला त्या निळ्या इमारतीकडे जावं लागलं. चार-पाच जणी रांगेत होत्या. एक आत गेली, की दुसरी दाराला पाठ लावून उभी राहायची.

"पयलं एक म्हातारी यायची दर बाजाराला," माझ्या पुढची भाजीवाली सांगू लागली. "रिक्षानं यायची निस्तं दार धराया. गुडगं लई दुखायचं तिचं, पर दुपारपातूर हालायची न्हाय. तिचा मालक नगरपालिकेत व्हता म्हनं. आता इंदापूरला गेली. तवापासनं आमीच एकमेकींचं धरतो."

मी गळ्यातलं ओळखपत्र ओढणीखाली सारलं.

माझा नंबर येईतो मागे आणखी सहाजणी येऊन उभ्या राहिल्या होत्या. कडीला हात लावला, ती लागली नाहीच. फटीतून बाहेर उभ्या राहिलेल्या भाजीवालीच्या साडीचा काठ दिसत होता. दीड वर्ष शेजारच्या टेबलावर बसून या माणसाने मला यातलं एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मला त्यांचा राग आला, आणि रडूही आलं.

बाहेर आले तर भाजीवाली म्हणाली, "बाई, आता तुमी धरता का जरा? माजं गिराईक खोळंबलंय."

मी दाराला पाठ लावली. तेवढ्यात शिपायाचा फोन आला. "मॅडम, बैठक सुरू झाली. सायेब तक्ता मागत्यात."

"तक्ता चुकलाय म्हणून सांग त्यांना. येऊन दुरुस्त करते. अजून सहाजणी आहेत."

"कसल्या सहाजणी?"

मी फोन ठेवला. आतून घाबराघुबरा आवाज आला, "हाय ना वो कुनी भाईर?"

"हाय," मी म्हणाले.